तारखेला सोबत कोण येणार? गोव्यात बाहेरून आलेल्या, हिंसेतून सावरलेल्या आणि आता दुसरीच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या बायकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात पोट भरायला आलेल्या, घरात मार खाऊन त्यातून बाहेर पडलेल्या आणि आता तशाच दुसऱ्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात, इस्पितळात, कोर्टात जाणाऱ्या बाईला आमच्याकडे सोबतीण म्हणतात. बैना, झुआरीनगर, मोती डोंगर, चिंबल, म्हापसा, डिचोली, कुंडई अशा ठिकाणांहून येणारे प्रश्न बायका विचारतात साधारण त्याच शब्दांत इथे घेतले आहेत. कायद्याची माहिती रस्ता दिसावा म्हणून दिली आहे. प्रत्येक केस वेगळी असते, तेव्हा वकिलाशी बोलणं टाळू नका.

सोबतीण नेमकं काय करते?

ती बरोबर जाते. सकाळी बसस्टँडवर भेटते, ठाण्याच्या बाकावर शेजारी बसते, मूल सांभाळते, कागदांची पिशवी धरते, साहेब काय म्हणाले आणि पुढची तारीख कोणती ते वहीत लिहून घेते. आत गेलेल्या बाईचं डोकं भीतीने बधिर झालेलं असतं. बाहेर आल्यावर ‘काय म्हणाले गं?’ असं विचारलं तर तिला आठवत नाही. ते सोबतिणीच्या वहीत असतं.

ती वकील नसते आणि निर्णयही तिचा नसतो. तक्रार करायची का, घर सोडायचं का, परत जायचं का, हे जिचं आयुष्य तिनेच ठरवायचं.

वकील फुकट मिळतो, समुपदेशक असतात. मग हिची गरज काय?

वकील आणि समुपदेशक हवेतच. पण एक उदाहरण घ्या. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज कोर्टात गेला की नवऱ्याला नोटीस निघते. कायद्याप्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याने, म्हणजे याच कायद्याखाली बाईच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने, ती दोन दिवसांत पोहोचवायची असते. आता नवऱ्याचा पत्ता काय? अर्जात लिहिलेलं असतं, ‘अमुक यांची खोली, झुआरीनगर’. त्या मालकाच्या ओळीने खोल्या, एकीलाही नंबर नाही. नवरा सेंटरिंगच्या कामावर. कंत्राटदार आज वेर्ण्याला, पुढच्या आठवड्यात मोपाला. नोटीस परत येते, नवी तारीख पडते, बाईचा रोज बुडतो. पुन्हा नोटीस, पुन्हा तारीख. शेवटी ती यायचं सोडते आणि लोक म्हणतात, ‘या बायका केस टिकवत नाहीत.’

आमच्यातली एक ताई, मूळची खानापूर तालुक्यातली, अशा वेळी काय करते ते बघण्यासारखं आहे. ती पत्ता विचारतच नाही. ती विचारते, पाण्याचा टँकर कुठे थांबतो? तिथून तुझी खोली कितवी? खाली दुकान कुणाचं? मुकादमाचा नंबर आहे का? पगार कोणत्या वारी होतो? संध्याकाळी तो गाडीवरून कुठे उतरतो? मग वहीचं पान आडवं धरून ती नकाशा काढते. टँकरची जागा, नळ, किराणा, जिना, दार. दाराचा रंगसुद्धा लिहिते. हा कागद अर्जाला जोडला की नोटीस घेऊन जाणाऱ्याला दारोदार विचारत फिरावं लागत नाही. हे तिला कुठल्या शिबिरात शिकवलेलं नाही. तिची स्वतःची नोटीस एकदा अशीच परत आली होती.

सोसलेल्या बाईच्या दुःखाविषयी सगळे बोलतात. तिच्याजवळच्या माहितीविषयी फारसं कुणी बोलत नाही. खोलीचा मालक कोणाच्या बाजूने बोलेल, गावाहून सासू कधी येऊन धडकेल, कोणत्या बसने निघालं तर ओळखीचं कुणी भेटणार नाही, कामाच्या ठिकाणी अर्ध्या दिवसाची सुट्टी कशी मागायची, हे सगळं तिला ठाऊक असतं. बाहेरून आलेल्या बाईला आधी याची गरज असते. कायद्याचं कलम नंतर लागतं.

मी गोव्याची नाही. लग्न बेळगावकडे झालं, मारहाण तिथेही झाली. तक्रार गावी जाऊन करावी लागेल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याच गैरसमजामुळे बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम २७ प्रमाणे बाई जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते किंवा जिथे काम करते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज चालतो. मैत्रिणीकडे चार दिवस आसऱ्याला आलात, तेही ‘तात्पुरती’त बसू शकतं. नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाचा फौजदारी गुन्हा पूर्वी ४९८-अ होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. सासर सोडून बाईने जिथे आसरा घेतला तिथेही हा गुन्हा चालवता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात सांगितलं आहे.

ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं उत्तर मिळालं तर शांतपणे ‘झिरो एफआयआर घ्या’ म्हणा. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता नोंदवायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठवली जाते.

मला कोकणी नीट येत नाही, इंग्रजी तर अजिबात नाही. जबाब कसा देऊ?

मराठीत द्या. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीही वापरता येते. घरी कानडी, तेलुगू, हिंदी बोलत असाल तर त्या भाषेत बोला आणि समजावून सांगणारी बाई सोबत न्या. बहुतेक सोबतिणींना दोन-तीन भाषा येतात. गोव्यातल्या मजुरांच्या वस्तीत राहून त्या आपोआप येतात.

तोंडी सांगितलेलं पोलिसांनी लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं आणि त्याची प्रत फुकट द्यायची असते. वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. ‘नवऱ्याने गळा दाबला’ असं सांगितलेलं असतं आणि कागदावर ‘किरकोळ वाद’ होतं. त्या दोन शब्दांनी पुढे केसची वाट लागते. वाचून दाखवताना सोबतिणीचे कान उघडे असले पाहिजेत.

माझ्याजवळ कागदच नाहीत. आधारवर गावचा पत्ता, रेशन कार्ड सासूकडे.

तक्रारीसाठी गोव्याचा पत्ता असलेलं आधार लागत नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या बाईचीही तक्रार घ्यावी लागते.

पोटापाण्याचं मात्र बघावं लागतं. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत गावच्या कार्डावर गोव्यातल्या रास्त भाव दुकानात धान्य मिळू शकतं. आधार जोडलेलं असावं आणि कार्डावर तुमचं नाव असावं. काही धान्य गावी उचललं गेलं तरी उरलेलं इथे घेता येतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या प्रौढ बाईचं नाव लागतं, म्हणून बऱ्याच घरांत ते सासूचं असतं. नाव वेगळं करायला गावी अर्ज करावा लागतो आणि ते काम रेंगाळतं. लवकर हातात घ्या.

मुलांच्या शाळेची काळजी वर्षाच्या मध्यावर घर सोडणाऱ्या प्रत्येकीला असते. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांना हे मऊ आवाजात सांगणारी कुणीतरी बरोबर असली की काम होतं.

गृहिणींना दरमहा पैसे देणारी गोवा सरकारची गृह आधार योजना नव्याने आलेल्या बाईला मिळत नाही, कारण तिला गोव्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. तिच्या भरवशावर घर सोडण्याचा हिशेब करू नका. मारातून निसटलेल्या बाईला १५ वर्षं थांबायला सांगणारी अट आम्हाला मान्य नाही. ती हिंसाग्रस्त बायकांपुरती तरी शिथिल व्हावी असं आम्ही मागत राहू.

रात्री मार सुरू झाला तर फोन कुणाला करायचा?

जीवाला धोका असेल तर ११२. महिलांची हेल्पलाइन १८१, चोवीस तास. लहान मूल संकटात असेल तर १०९८. फुकट कायदेशीर मदतीसाठी १५१००. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये तसं आहे.

१८१ वर ‘सखी’ वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळतो. तिथे उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन यांची एकत्र सोय असते आणि साधारण पाच दिवसांपर्यंत राहता येतं. त्यापुढे निवारागृह बघावं लागतं, तेव्हा पहिल्याच दिवशी सहाव्या दिवसाचं विचारा.

फोन केल्यावर तो नंबर कॉलच्या यादीतून पुसा. नवरे फोन तपासतात.

दवाखान्यात ‘पडले’ असं सांगितलं होतं. आता काय?

घाबरू नका. भीतीपोटी असं सांगणाऱ्या तुम्ही एकट्या नाहीत. पुन्हा डॉक्टरकडे जाऊन खरं सांगता येतं. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात असो की तालुक्याच्या आरोग्य केंद्रात, कुणी मारलं, कशाने मारलं आणि कधी मारलं ते डॉक्टरांना सांगा आणि कागदावर यायला हवं म्हणा. वळ, निळे डाग दोन-तीन दिवसांनी जास्त दिसतात, तेव्हाही फोटो काढा आणि दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवून ठेवा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तुम्ही किंवा संरक्षण अधिकाऱ्याने सांगितल्यावर इस्पितळाने उपचार द्यायलाच हवेत. बलात्कार झालेल्या बाईवर सरकारी आणि खासगी, दोन्ही इस्पितळांनी ताबडतोब आणि फुकट उपचार करायचे असतात. आधी पोलिसांचा कागद आणा, असं म्हणून परत पाठवता येत नाही.

नवऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, फक्त मार थांबायला हवा. मग केस कशाला?

बहुतेक बायका हेच म्हणतात आणि २००५ चा कायदा नेमका याच मागणीसाठी उपयोगी आहे. त्यात शिक्षा मागायची नसते, आदेश मागायचे असतात. मारू नको, कामाच्या ठिकाणी येऊन धिंगाणा घालू नको, घराबाहेर काढू नको, मुलांचा ताबा आईकडे, महिन्याचा खर्च दे, औषधपाण्याचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे दे. खोली नवऱ्याच्या नावावर भाड्याने असली तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. तातडी असेल तर दुसऱ्या बाजूला न ऐकताही तात्पुरता आदेश निघू शकतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. हे आधीच सांगणं सोबतिणीचं काम आहे. खोट्या आशेवर आणलेली बाई दुसऱ्या तारखेनंतर दिसत नाही.

हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे. पगार काढून घेणं, उपाशी ठेवणं, मनाविरुद्ध शरीरसंबंध, मुलांसमोर घाणेरड्या शिव्या, हे सगळं या कायद्यात येतं.

आमचं लग्न रजिस्टर नाही. काहींचं तर लग्नच झालेलं नाही.

देवळात किंवा गावच्या मांडवात झालेलं लग्न फोटो, पत्रिका, साक्षीदार यांनी दाखवता येतं. लग्न न करता नवरा-बायकोसारखे एकत्र राहत असलात तरी २००५ चा कायदा लागू होऊ शकतो.

गोव्यातला समान नागरी कायदा आणि त्यातला अर्ध्या मालमत्तेचा हक्क ऐकून पुष्कळ जणी विचारायला येतात. इथे राहायला आलं म्हणून गावाकडे झालेल्या लग्नाला तो आपोआप लागत नाही. हे वकिलाकडूनच नीट समजून घ्या. मार थांबवण्याचा कायदा मात्र कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही राज्यातल्या बाईला सारखाच आहे.

मी नेपाळची आहे. मला हे लागू आहे का?

हो. २००५ च्या कायद्यात ‘कोणतीही महिला’ असं म्हटलं आहे, नागरिकत्व विचारलेलं नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि चौकीदारांच्या खोल्यांत राहणाऱ्या नेपाळी बायकांपर्यंत ही गोष्ट अजून पोहोचलेली नाही.

त्रास नवऱ्याचा नाही, मालकाचा आहे.

हॉटेल, कारखाना, काजूची फॅक्टरी, दुसऱ्याचं घर, कुठेही लैंगिक छळ झाला तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कामगार असतील तर तिथेच अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणारी बाईही तिथेच जाते. मुदत तीन महिन्यांची, कारण सबळ असेल तर आणखी तीन महिने वाढते. खोली मालकाचीच असेल तर तक्रारीआधी राहायची सोय बघा. तक्रार दिल्याच्या संध्याकाळी सामान बाहेर पडतं, हे पुष्कळ जणींनी भोगलं आहे.

मी स्वतः यातून गेले आहे. मला सोबतीण होता येईल का?

होता येईल, पण घाई नको. किती महिन्यांनी, याचं गणित नाही. स्वतःला काही गोष्टी विचारा. दुसरीची हकिकत ऐकताना आपलीच रात्र समोर येऊन हातपाय गार पडतात का? तिने ‘परत जाते’ म्हटलं तर राग येतो का? आपली केस कोर्टात चालू असताना तिच्या तारखेला जाणं पेलेल का? उत्तर ‘अजून नाही’ असेल तर तेही चालतं. बाहेर पडलेल्या प्रत्येकीने दुसऱ्यांसाठी उभं राहिलंच पाहिजे, असा नियम नाही. आपलं मूल शाळेत घालून, आपली भाकरी आपण मिळवून शांत झोपणारी बाई कुणाचंही देणं लागत नाही.

सुरुवात लहान कामांनी करा. तारखेच्या दिवशी मूल सांभाळा, बसस्टँडवर घ्यायला जा, फॉर्म भरायला मदत करा. ठाण्यात एकटीने कधी जाऊ नका, जुन्या सोबतिणीबरोबर जा. परतल्यावर लगेच घरी धावू नका. अर्धा तास चहाला बसून आपल्याला काय वाटलं ते आपसांत बोला. हा अर्धा तास आम्ही कामातच धरतो. तो वगळला की बायका काही महिन्यांतच थकून जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालंय.

चालेल. गुजरातमध्ये १९९५ च्या सुमारास महिला सामाख्या या सरकारी कार्यक्रमातून ‘नारी अदालत’ उभी राहिली, म्हणजे बायकांनीच बायकांच्या तक्रारी सोडवायची बैठक. ती चालवणाऱ्या कितीतरी गावच्या बायकांना लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, पण गावाची नस ठाऊक होती. गोव्यातच ‘संगथ’ या संस्थेने आरोग्य केंद्रांत केलेल्या अभ्यासात, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक बायका प्रशिक्षण आणि देखरेख मिळाल्यावर नैराश्याने त्रस्त माणसांना नीट मदत करू शकतात, हे दिसून आलं. त्या बायका पदवीधर होत्या, हे खरं. पण त्यातलं देखरेखीचं मोल आमच्या कामालाही तितकंच लागू आहे. आठवड्यातून एकदा अनुभवी समुपदेशकासमोर बसून ‘मी असं बोलले, बरोबर होतं का?’ विचारता आलं पाहिजे.

माझी गोष्ट सगळ्यांसमोर सांगावी लागेल का?

नाही. कुणी तशी अट घातली तर ते काम घेऊ नका.

महिला दिनाला एखादीला व्यासपीठावर उभं करायचं, तिने रडत सांगायचं, समोरच्यांनी डोळे पुसायचे, शाल-श्रीफळ द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच खोलीत, त्याच भाड्याच्या चिंतेत. तिचा फोटो मात्र सगळ्या गटांत फिरत राहतो. तो गावी पोहोचतो, सासरी पोहोचतो, मुलाच्या शाळेत पोहोचतो. आम्हाला हे पटत नाही. तिचं खरं बळ तो नकाशा काढण्यात आणि जबाब वाचून घेण्यात आहे, आणि त्यासाठी तिच्या रात्रीची हकिकत कुणाला कळायची गरज नाही.

बोलायचंच असेल तर जरूर बोला, तो तुमचा हक्क आहे. आधी मुलांना विचारा, केस चालू असेल तर वकिलाला विचारा, फोटो कुठे जाणार ते लिहून घ्या. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. ती स्वतः लेखी परवानगी देऊ शकते, दुसऱ्या कुणी तिच्या वतीने उदार व्हायचं नाही.

आणि ज्या बाईला मदत करता तिच्यासमोरही एक वाक्य पुरे, ‘माझ्यावरही ही वेळ आली होती.’ त्यापुढे आपलं सांगत बसलात की ती मनात तुलना करायला लागते. ‘हिचं तर हाड मोडलं होतं, माझं काय एवढं.’ मग ती गप्प होते.

याचे पैसे मिळतात का?

मिळायला हवेत. रोजंदारीवरच्या बाईने दिवस बुडवून कोर्टात बसायचं, तिकीट स्वतःचं काढायचं, आणि याला समाजसेवा म्हणायचं, हा अन्याय आहे. वकिलाला फी, समुपदेशकाला पगार, अहवाल लिहिणाऱ्याला मानधन, मग हिलाच आशीर्वाद का? ज्या संस्था सोबतिणींकडून काम घेतात त्यांनी निदान बुडालेला रोज, प्रवास आणि जेवण द्यावं, आणि कायम काम असेल तर पगार. एक सरकारी वाट आहे. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक होता येतं, प्रशिक्षण मिळतं आणि कामाच्या दिवसांचं मानधन मिळतं. शक्यतो दहावी झालेली असावी असं म्हणतात, पण आपल्या जिल्ह्याच्या प्राधिकरणात जाऊन विचारा.

नवरा सोबतिणीलाच धमक्या देतो.

देतोच. म्हणून आमचे काही नियम ठाम आहेत. बाईला स्वतःच्या खोलीत ठेवून घ्यायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. तिचे पैसे, दागिने आपल्याकडे ठेवायचे नाहीत. आपला घरचा पत्ता तिच्या घरच्यांना कळू द्यायचा नाही, फोन नंबर गटाचा द्यायचा. धमकी आली तर त्याच दिवशी लेखी तक्रार. आणि नवऱ्याला समजवायला एकटीने कधीही जायचं नाही.

इतकं करून ती परत नवऱ्याकडे गेली.

जाईल. भाडं, मूल, गावचं तोंड, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलेली, कधी कधी उरलेली माया. तुम्हीही कदाचित गेला होतात. तिला बोल लावू नका. निघताना एवढंच बघा की तिच्या कागदांच्या झेरॉक्स कुणाकडे तरी आहेत, तिला १८१ तोंडपाठ आहे, आणि फोनवर बोलताना वापरायचा एखादा साधा शब्द ठरलेला आहे. ‘अक्का, चटणी आहे का?’ म्हटलं की मदत पाठवायची, असा. परत फोन करायला तिला लाज वाटता कामा नये.

ही बाहेरच्यांची भांडणं आहेत. आम्ही गोंयकारांनी मध्ये का पडायचं?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या विवाहित बायकांचं प्रमाण गोव्यात ८.३ टक्के आणि कर्नाटकात ४४.४ टक्के आलं. हे आकडे दाखवून ‘बघा, हे भायल्यांचं’, म्हणजे बाहेरून आलेल्यांचं, असं म्हणणारे भेटतात. पण त्याच सर्वेक्षणात देशभर हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जवळपास ७७ टक्के बायकांनी कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. आकडा सांगणाऱ्या बायकांचा असतो. गोव्यातले बंद वाडेही आम्ही पाहिलेत.

शिवाय गोव्याची परंपरा मध्ये पडण्याचीच आहे. ‘बायलांचो साद’ ही बायकांची संघटना १९८० च्या दशकापासून बायकांच्या प्रश्नांवर रस्त्यावर उतरत आली, पुढे ‘बायलांचो एकवट’ आली. २००४ मध्ये वास्कोतल्या बैनाच्या देहविक्रीच्या वस्तीवर बुलडोझर फिरला तेव्हा तिथल्या परराज्यातल्या बायका उघड्यावर आल्या. वास्कोतल्याच ‘अन्याय रहित जिंदगी’ या संस्थेने देहविक्रीतून बाहेर येणाऱ्या बायकांना काम मिळावं म्हणून ‘स्विफ्ट वॉश’ ही लॉन्ड्री सुरू केली. पगार हातात आला की बाई कशी उभी राहते, हे त्यातून गोव्याला दिसलं.

आमच्या मुली कुवेत-लंडनला जातात. त्यांचं काय?

तिथे त्याच भायल्या असतात. म्हणून तर हा प्रश्न दोन्ही बाजूंचा आहे. इंग्लंडमधली ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ १९७९ पासून स्थलांतरित बायकांसाठी लढते आहे. पंजाबातून लग्न होऊन तिकडे गेलेल्या किरणजीत अहलुवालिया यांनी दहा वर्षं छळ सोसला, नवऱ्याच्या मृत्यूनंतर १९८९ मध्ये खुनाची जन्मठेप झाली, आणि या बायकांच्या मोहिमेनंतर १९९२ मध्ये त्या सुटल्या. पुढे त्या इतर पीडित बायकांसाठी बोलत राहिल्या. अमेरिकेत न्यू जर्सीची ‘मानवी’ १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसोबत काम करते. गुन्ह्याच्या बळी ठरलेल्या आणि तपासात मदत करणाऱ्या स्थलांतरितांना तिथे २००० च्या कायद्याने यू व्हिसा मिळतो, पण वर्षाला फक्त १०,०००, म्हणून रांग फार लांब आहे.

आखातात अडकलेल्या बाईसाठी भारतीय दूतावासाकडे समुदाय कल्याण निधी आहे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार करता येते. जाण्याआधी पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांचे फोटो घरी ठेवून जा. दलालाने तिशीच्या आतल्या मुलीला घरकामासाठी आखातात पाठवतो म्हटलं तर सावध व्हा, सरकारी नियमात ते बसत नाही.

पुरुष काही करू शकतात का?

पुष्कळ. रात्री शेजारून आवाज आला तर दार वाजवा, साखर मागा, काहीही मागा, पण वाजवा. मार तेवढ्यापुरता तरी थांबतो. हिंसा होते आहे असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीसाठी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये ते स्पष्ट आहे. खोल्यांचे मालक असाल तर भाडेकरूच्या कागदांवर बायकोचंही नाव घ्या. उद्या राहत्या जागेचा पुरावा म्हणून तिला तोच कागद लागतो. मुकादम असाल तर तारखेच्या दिवशी तिचा रोज कापू नका. पायलट (भाड्याची मोटरसायकल चालवणारे) किंवा रिक्षावाले असाल तर मध्यरात्री मूल कडेवर घेऊन आलेल्या बाईला आधी गाडीवर घ्या, भाड्याचं नंतर बघू, आणि कुठे सोडलं ते कुणी विचारलं तरी सांगू नका.